मागें वळलेला वीर : सर अर्नेस्ट शॅकल्टन

थोर पुरुषांचीं चरित्रें बहुधा त्यांच्या यशावरून लिहिलीं जातात. कोणी राज्य मिळविलें, कोणी नवा देश शोधून काढिला, कोणी रोगावर औषध सांपडविलें, असें आपण वाचतों व त्यांस थोर म्हणतों. परंतु ज्याला मनांत धरलेलें मुख्य ध्येय एकदांही गाठतां आलें नाहीं, आणि तरीही ज्याचें नांव शंभर वर्षें लोटल्यावर आदरानें घेतलें जातें, असा पुरुष विरळा. दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशाचा प्रवासी सर अर्नेस्ट शॅकल्टन हा अशा विरळा पुरुषांपैकीं एक होय. त्याला ध्रुवावर जावयाचें होतें. तो ध्रुवावर पोहोंचला नाहीं. पुढें त्याला तें हिममय खंड या टोंकापासून त्या टोंकापर्यंत ओलांडावयाचें होतें. त्या वेळीं तर खंडाच्या भूमीवर त्याचें पाऊलही पडलें नाहीं. असें असतां त्याला थोर कां म्हणावें, हें या लहानशा चरित्रांत सांगावयाचें आहे.

अर्नेस्ट हेन्री शॅकल्टन याचा जन्म ता. १५ फेब्रुवारी १८७४ रोजीं आयर्लंडांतील किल्डेअर परगण्यांत किल्कीया येथें झाला. घराणें मूळचें क्वेकर पंथाचें. त्याच्या एका पूर्वजानें १७२६ सालीं बॅलिटोर या गांवीं शाळा काढिली होती, व पुढें वक्ता म्हणून नांवाजलेला एडमंड बर्क हा त्याच शाळेचा विद्यार्थी होता. अर्नेस्टचे वडील प्रथम शेती पाहत असत; परंतु पदरीं मुलेंबाळें असतांना, वयाची तिशी उलटल्यावर त्यांनीं डब्लिनला जाऊन वैद्यकीचा अभ्यास केला आणि १८८४ सालीं ते सहकुटुंब लंडनला जाऊन राहिले. दहा भावंडांत अर्नेस्ट दुसरा. त्याला आठ बहिणी व एक भाऊ होता. वाढत्या वयांत पुन्हा विद्यार्थी होणारा बाप ज्या मुलानें डोळ्यांनीं पाहिला, त्यानें पुढें संकटांत हिंमत सोडली नाहीं, यांत नवल नाहीं.

तेराव्या वर्षीं अर्नेस्टला लंडनजवळील डलिच कॉलेज या शाळेंत घालण्यांत आलें. तेथें तो हुशार म्हणून कधींच गाजला नाहीं. प्रवासवर्णनें व कविता यांची गोडी त्याला फार. परंतु वर्गांतील धड्यांत त्याचें मन रमत नसे. शेवटच्या सहामाहींत मात्र एकतीस मुलांत पांचवा क्रमांक मिळवून, मनावर घेतल्यास आपल्याला काय करतां येतें, हें त्यानें दाखविलें. मुलानें आपल्यासारखेंच वैद्य व्हावें, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाची ओढ मात्र समुद्राकडे. अखेर वडिलांनीं आपला हट्ट सोडला व सोळाव्या वर्षीं, म्हणजे १८९० सालीं, अर्नेस्ट 'हॉटन टॉवर' नांवाच्या शिडाच्या व्यापारी जहाजावर उमेदवार म्हणून दाखल झाला. ऐन हिवाळ्यांत दक्षिण अमेरिकेच्या टोंकास वळसा घालून वालपरायसोला जाणें हा त्याचा पहिला प्रवास. दोर ओढून हात सोलून निघत, अंगावरचे कपडे दिवसचे दिवस ओले राहत. पण पेटींत कवितांचीं पुस्तकें असत. चार वर्षें अशी उमेदवारी केल्यावर तो पायरीपायरीनें परीक्षा देत गेला आणि १८९८ सालीं, चोविसाव्या वर्षीं, कोणतेंही जहाज चालविण्यास लागणारें कप्तानाचें प्रमाणपत्र त्यानें मिळविलें.

त्या काळीं दक्षिण ध्रुवाभोंवतालचें खंड नकाशावर जवळजवळ कोरें होतें. वर्षांतील कित्येक महिने तेथें सूर्याचें दर्शन होत नाहीं. आपल्याकडे हिवाळा तेव्हां तेथें उन्हाळा, आणि तो उन्हाळाही बर्फाचाच. या प्रदेशाचा शोध करण्यासाठीं १९०१ सालीं कॅप्टन स्कॉट याच्या हाताखालीं 'डिस्कव्हरी' जहाज निघालें, त्यावर शॅकल्टनला जागा मिळाली. स्कॉट, डॉ. विल्सन व शॅकल्टन असे तिघे १९०२ च्या अखेरीस ८२ अंश १७ कला दक्षिण अक्षांशापर्यंत गेले. इतक्या दक्षिणेस तोंपर्यंत कोणीही गेला नव्हता. परंतु ताज्या अन्नाच्या अभावीं तिघांनाही स्कर्व्ही नांवाचा रोग जडला. शॅकल्टनची प्रकृति सर्वांत अधिक ढासळली, व १९०३ सालीं आलेल्या मदतीच्या जहाजांतून स्कॉटनें त्याला मायदेशीं परत पाठविलें. सोबती मागें राहिलेले असतांना आपण आजारी म्हणून परत जावें, हें शल्य त्याच्या मनांत खोल रुतून बसलें.

१९०४ सालीं एमिली डॉर्मन हिच्याशीं त्याचा विवाह झाला. त्यानें भूगोलविषयक संस्थेची चिटणिशी करून पाहिली, पार्लमेंटच्या निवडणुकीस उभा राहून पराभवही पाहिला. चित्त मात्र दक्षिणेकडेच होतें. शेवटीं पुष्कळ खटपटीनें व पुष्कळ कर्जानें पैसा उभारून १९०७ सालीं त्यानें स्वतःची मोहीम काढिली. तिचें जहाज 'निम्रॉड'. ता. २९ ऑक्टोबर १९०८ रोजीं शॅकल्टन, फ्रँक वाइल्ड, अ‍ॅडम्स व डॉ. मार्शल असे चौघे जण चार मांचुरियन तट्टें घेऊन ध्रुवाकडे निघाले. वाटेंत पर्वतांच्या रांगेतून वर चढणारी एक प्रचंड हिमनदी त्यांस आढळली. तिला आज बियर्डमोर हिमनदी म्हणतात. तिच्यावरून ते वरच्या पठाराकडे चढूं लागले. तट्टें एकामागून एक निकामीं झालीं. शेवटचें तट्टू हिमनदीच्या भेगेंत पडून नाहींसें झालें. मग हीं चार माणसेंच गाड्या ओढूं लागलीं. समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांवर, समोरून सुईसारखा बोंचणारा वारा, आणि पोटांत अर्धें अन्न, अशी त्यांची अवस्था होती.

ता. ९ जानेवारी १९०९ रोजीं ते ८८ अंश २३ कला या अक्षांशावर पोहोंचले. ध्रुव आतां सागरी मापानें अवघा ९७ मैल उरला होता. जगांत कोणाच्याही पावलाचा स्पर्श न झालेली ती जागा, जिच्यासाठीं शॅकल्टननें कर्ज काढिलें, घरदार सोडलें, आजारी म्हणून परत आल्याचा डाग ज्या यशानें धुवून निघणार होता, तें यश जणूं हातभर अंतरावर होतें. मन घट्ट केलें असतें तर ते चौघे बहुधा तेथें पोहोंचलेही असते. परंतु शॅकल्टननें शिधा मोजला, सोबत्यांचे चेहरे पाहिले, परतीच्या वाटेचा हिशेब केला. पुढें जावें तर ध्रुव मिळेल. परत मात्र कोणी येणार नाहीं. त्यानें तेथें निशाण रोविलें आणि तोंड उत्तरेकडे फिरविलें.

हा निर्णय किती बरोबर होता, तें परतीच्या वाटेनें सिद्ध केलें. मागें पुरून ठेवलेला शिधा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणापर्यंत जेमतेम पुरत असे. वाइल्ड आजारी होऊन अन्नावांचून खंगूं लागला, तेव्हां शॅकल्टननें आपल्या वांट्याचें बिस्किट बळेंच त्याला खावयास लाविलें. ज्यानें उपास काढिला आहे, त्यालाच त्या एका बिस्किटाची किंमत कळेल. शेवटच्या टप्प्यांत डॉ. मार्शलला चालवेना. त्याच्याजवळ अ‍ॅडम्सला ठेवून शॅकल्टन व वाइल्ड पुढें धांवले व जहाज निघून जाण्याच्या बेतांत असतांना त्यांनीं तें गांठलें. शॅकल्टननें त्या वेळीं अंथरुणास पाठ लाविली नाहीं. मदतीची तुकडी घेऊन तो स्वतः पुन्हा मागें फिरला व दोघां सोबत्यांस घेऊन आला. इंग्लंडला परतल्यावर १९०९ सालीं त्याला 'सर' ही पदवी मिळाली.

पुढें ता. १४ डिसेंबर १९११ रोजीं नॉर्वेचा आमुंडसेन ध्रुवावर पोहोंचला. ता. १७ जानेवारी १९१२ रोजीं कॅप्टन स्कॉटही चार सोबत्यांसह तेथें गेला. परंतु परत येतांना ते पांचही वीर बर्फांत मृत्यु पावले. त्यांच्या धैर्याविषयीं कोणीही शंका घेऊं नये. तथापि शॅकल्टननें केलेल्या हिशेबाचा अर्थ काय होता, तें जगाला त्या दिवशीं समजलें असावें.

ध्रुव दुसऱ्यानें जिंकल्यावर शॅकल्टननें नवा संकल्प केला : वेडेल समुद्राच्या बाजूनें शिरून, ध्रुवावरून, रॉस समुद्राच्या बाजूस निघावयाचें. 'एन्ड्युअरन्स' जहाज निघण्याच्या तयारींत असतांनाच, १९१४ च्या ऑगस्टमध्यें महायुद्ध सुरू झालें. शॅकल्टननें जहाज व माणसें सरकारच्या स्वाधीन करण्याची तयारी दाखविली. सरकारनें मोहिमेवर जाण्यास सांगितलें. ता. ५ डिसेंबर १९१४ रोजीं साउथ जॉर्जिया बेटावरून जहाज दक्षिणेस वळलें. जहाजावर अठ्ठावीस माणसें होतीं. त्यांपैकीं पर्स ब्लॅकबरो हा अठरा वर्षांचा वेल्श मुलगा ब्युनॉस आयर्स बंदरांत कपाटांत लपून चोरून आला होता! शॅकल्टन त्याच्यावर प्रथम गरजला. नंतर त्यानें त्याला कामावर घेतलें.

जानेवारी १९१५ मध्यें, किनारा एका दिवसाच्या वाटेवर असतांना, बर्फानें जहाजास चोहोंकडून घेरलें. दहा महिने तें बर्फाबरोबर वाहत राहिलें. अखेर बर्फाच्या दाबानें त्याच्या फळ्या कडाकडा मोडूं लागल्या. ता. २७ ऑक्टोबर रोजीं माणसांनीं जहाज सोडलें व ता. २१ नोव्हेंबर रोजीं तें समुद्राच्या तळाशीं गेलें. ज्या कार्यासाठीं निघालों तें कार्य आतां होणें नाहीं, हें शॅकल्टननें ओळखलें. त्याच क्षणीं त्यानें जुनें ध्येय मनांतून काढून टाकलें आणि नवें धरलें : या सर्व माणसांना जिवंत घरीं न्यावयाचें.

येथून त्याचें खरें मोठेपण दिसूं लागतें. प्रत्येकानें आपल्याजवळ दोनच पौंड खाजगी सामान ठेवावें, असा हुकूम देऊन त्यानें आपल्या खिशांतील सोन्याचीं नाणीं सर्वांसमक्ष बर्फावर टाकून दिलीं. अलेक्झांड्रा राणीनें दिलेला पवित्र शास्त्राचा जड ग्रंथही मागें ठेविला. मात्र राणीच्या हस्ताक्षराचें पान, तेविसावें स्तोत्र, आणि ईयोबाच्या पुस्तकांतील ज्या पानावर हिमाविषयीं देवानें विचारलेले प्रश्न आहेत तें पान, एवढीं त्यानें काढून जवळ घेतलीं. तो टाकलेला ग्रंथ एका खलाशानें गुपचूप उचलून वांचविला. उलट, हसी नांवाच्या सोबत्याचें बँजो हें वाद्य जड असूनही शॅकल्टननें मुद्दाम बरोबर घेण्यास लाविलें. कारण पोटाप्रमाणें मनालाही शिधा लागतो, हें तो जाणून होता. उबदार कातड्याच्या झोंपण्याच्या पिशव्या कमी होत्या. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या, तेव्हां त्या पिशव्या बहुतेक साध्या खलाशांस मिळाल्या, आणि शॅकल्टन व बहुतेक अधिकारी यांच्या वांट्यास हलक्या लोकरीच्या आल्या. जीं माणसें कुरकुर करणारीं, त्यांना तो आपल्याच तंबूंत ठेवी. कोणी फार गारठलेला दिसला, तर तो सर्वांनाच गरम दूध देववी, म्हणजे त्या एकाला आपण दुबळे ठरलों असें वाटूं नये.

वाहत्या बर्फावर तंबू ठोकून त्यांनीं पांच महिने काढिले. शिधा संपत आल्यामुळें ओढीचे कुत्रेही मारावे लागले. ता. ९ एप्रिल १९१६ रोजीं बर्फ फुटलें व ते तीन होड्यांत बसून निघाले. छायाचित्रकार हर्ली याचे हातमोजे हरवले, तेव्हां शॅकल्टननें आपले त्याला दिले आणि स्वतःचीं बोटें थंडीच्या हवालीं केलीं. ता. १५ एप्रिल रोजीं ते एलिफंट बेटास लागले. ४९७ दिवसांनीं त्यांच्या पायांखालीं जमीन आली. त्या ओसाड बेटावर पहिलें पाऊल ठेवण्याचा मान शॅकल्टननें सर्वांत लहान अशा ब्लॅकबरोस दिला. त्या मुलाचे पाय थंडीनें इतके बधिर झाले होते कीं त्याला उभेंही राहवेना. पुढें त्याच बेटावर, उलट्या घातलेल्या होडीखालीं, डॉक्टरांनीं त्याच्या डाव्या पायाचीं बोटें कापून त्याला वांचविलें.

त्या बेटाकडे कोणतेंही जहाज येत नसे. मदत आणावयाची तर ८०० सागरी मैलांवरील साउथ जॉर्जियालाच जाणें प्राप्त होतें. मॅकनिश सुतारानें पेटाऱ्यांच्या फळ्या व किंतान यांनीं साडेबावीस फुटांची 'जेम्स केर्ड' होडी वरून झांकून घेतली, व ता. २४ एप्रिल रोजीं शॅकल्टन पांच जणांसह निघाला. जगांतील अत्यंत खवळलेल्या समुद्रांत ते सोळा दिवस होते. होडीवर बर्फ चढे, तें फोडून काढावें लागे; नाहींतर होडी त्याच्या भारानें बुडाली असती. कप्तान वर्स्ली याला सूर्य मोजक्याच वेळां दिसला. तेवढ्यावरून त्यानें दिशा साधली. अंशभर चूक झाली असती तर बेट चुकून पुढें अफाट महासागरच होता. ता. १० मे रोजीं ते किनाऱ्यास लागले. पण माणसांची वस्ती बेटाच्या दुसऱ्या अंगास. मधील पर्वत त्यापूर्वीं कोणीही ओलांडले नव्हते व त्यांचा नकाशाही नव्हता. शॅकल्टन, वर्स्ली व क्रीन हे तिघे बुटांच्या तळांत होडीचे स्क्रू ठोकून, पन्नास फूट दोर व सुताराचा वांकस एवढें घेऊन निघाले. छत्तीस तास ते चालत होते. एकदां दोघे सोबती बसल्या जागीं झोंपले. आपणही झोंपलों तर तिघेही कायमचे झोंपूं, हें ओळखून शॅकल्टननें पांच मिनिटांनीं त्यांना उठविलें आणि अर्धा तास झोंप झाली, असें सांगितलें. ता. २० मे रोजीं ते स्ट्रॉमनेस येथें देवमासे पकडणाऱ्यांच्या ठाण्यावर पोहोंचले. त्या वाटचालींत आपण तिघे नसून चौघे आहों, असें तिघांनाही पुनःपुन्हा वाटत होतें, असें शॅकल्टननें पुढें नमूद केलें आहे. त्यावर वाद घालण्याचें कारण नाहीं. ज्याला तेविसावें स्तोत्र पाठ आहे, त्याला तें समजेल.

बेटाच्या दुसऱ्या बाजूस ठेवलेल्या तिघांना त्याच रात्रीं जहाज पाठवून आणण्यांत आलें. परंतु एलिफंट बेटावर बावीस माणसें वाट पाहत होतीं. शॅकल्टन तीन वेळां तीन निरनिराळ्या जहाजांतून निघाला व तिन्ही वेळां बर्फानें त्याला मागें परतविलें. इकडे त्या बेटावर फ्रँक वाइल्ड रोज सकाळीं सर्वांना सामान आवरून तयार राहावयास सांगत असे. बिस्किटाचा तो ऋणकरी आतां आशेनें ऋण फेडीत होता. चौथ्या खेपेस, ता. ३० ऑगस्ट १९१६ रोजीं, चिली देशाच्या 'येल्चो' या लहान बोटीतून शॅकल्टन तेथें पोहोंचला. किनारा जवळ येऊं लागला तसा तो माणसें मोजूं लागला. बावीसच्या बावीस जिवंत होतीं.

चरित्रकारानें आपल्या नायकाच्या उणिवाही लपवूं नयेत. खंडाच्या दुसऱ्या बाजूस, रॉस समुद्राकडे, शिध्याचे सांठे करण्यासाठीं पाठविलेल्या तुकडीचे फार हाल झाले. तींतील स्पेन्सर-स्मिथ हा पाळक, मॅकिन्टॉश व हेवर्ड असे तिघे जण दगावले. उरलेल्या सातांना आणण्यासाठीं शॅकल्टन १९१७ च्या जानेवारींत स्वतः गेला. पण ते तीन प्राण त्याच्याच मोहिमेंत गेले, हें खरें. ज्या मॅकनिशनें होडी समुद्राजोगी केली, त्यानें पूर्वीं बर्फावर हुज्जत घातली होती एवढ्यावरून त्याला ध्रुवपदक मिळूं दिलें नाहीं. येथें शॅकल्टनचें मन लहान झालें, असेंच म्हणावें लागतें. घरसंसाराकडे त्यानें दुर्लक्ष केलें व कर्ज अखेरपर्यंत फिटलें नाहीं. आणि बर्फानें सोडलेल्यांतील मॅकार्थी व चीथम हे दोघे लढाईंत समुद्रावर मारले गेले. मनुष्यानें मनुष्याचा केलेला संहार निसर्गाहून निर्दय ठरला.

१९२१ सालीं शॅकल्टन 'क्वेस्ट' जहाजांतून पुन्हा दक्षिणेकडे निघाला. खर्च देणारा राउएट हा त्याचा डलिच शाळेंतील जुना मित्र. या वेळीं त्यानें बालवीर पथकांतील जेम्स मार या तरुणास बरोबर घेतलें होतें. तो पुढें सागरी प्राण्यांचा शास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्धीस आला. ता. ५ जानेवारी १९२२ रोजीं पहांटे, साउथ जॉर्जियाच्या बंदरांत जहाज उभें असतां, हृदयविकारानें शॅकल्टनचा अंत झाला. वय अवघें सत्तेचाळीस. पत्नीच्या इच्छेवरून ता. ५ मार्च रोजीं त्याचा देह ग्रिटविकेन येथें, देवमासे पकडणाऱ्या खलाशांच्या साध्या स्मशानभूमींत पुरण्यांत आला. २०११ सालीं फ्रँक वाइल्डची रक्षाही त्याच्या शेजारीं ठेवण्यांत आली. आणि ता. ५ मार्च २०२२ रोजीं, दफनास बरोबर शंभर वर्षें झालीं त्याच दिवशीं, वेडेल समुद्राच्या तळाशीं ३००८ मीटर खोलीवर 'एन्ड्युअरन्स' सांपडलें. त्याच्या मागील अंगावरील नांवाचीं अक्षरें अजून वाचतां येत होतीं.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या आयुष्यांतही कधींतरी ध्रुव ९७ मैलांवर येईल. पहिला क्रमांक, मोठी जागा, लोकांची वाहवा दृष्टीच्या टप्प्यांत असेल, आणि ती मिळविण्यासाठीं कोणाला तरी मागें टाकून जावें लागेल. त्या वेळीं शॅकल्टनचा हिशेब आठवावा. आणि पालकांनींही, मुलगा कितवा आला एवढेंच न विचारतां, बरोबरच्या दुबळ्या सोबत्याला त्यानें हात दिला कीं नाहीं, हेंही विचारावें. पुढें जाण्यास धैर्य लागतें खरें. परंतु माणसांसाठीं मागें वळण्यास त्याहूनही मोठें धैर्य लागतें. नव्याण्णव मेंढरें ठेवून एकासाठीं मागें फिरणाऱ्या मेंढपाळाचा दाखला प्रभूनें दिला आहे. ध्रुवावर न पोहोंचलेला हा प्रवासी त्या मेंढपाळाच्या वाटेनें थोडा तरी चालला, यांतच त्याची थोरवी आहे.